टाका, दोरा आणि 'सील' : एका शस्त्रक्रियेची मराठी

कडोदरा हे सुरत जिल्ह्याच्या पलसाणा तालुक्यातले चौफुलीचे गाव. मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि धुळ्याहून नवापूर, व्यारा, बारडोलीमार्गे सुरतेकडे येणारा महामार्ग इथे एकमेकांना छेदतात. या दुसऱ्या रस्त्याने खानदेश कित्येक दशके सुरतेला येत राहिला आहे. कुणी लूमवर, कुणी साड्यांच्या प्रोसेस मिलमध्ये, तर कुणी शेजारच्या चलथाणच्या साखर कारखान्याच्या ऊसतोडीला. त्यामुळे इथल्या मराठी घरात एका दिवसात अहिराणी, प्रमाण मराठी, गुजराती आणि हिंदी अशा चार भाषा सहज बोलल्या जातात. आजारपणात मात्र या चारही भाषा एकदम अपुऱ्या पडतात, असा माझा अनुभव आहे.

मी महाविद्यालयात साहित्य शिकवते. नावाआधीचे 'डॉ.' साहित्यातल्या प्रबंधामुळे लागले आहे. पण आमच्या सोसायटीत त्याचा अर्थ सोयीने घेतला जातो आणि दवाखान्याचे कागद वाचून घ्यायला बायका माझ्याकडे येतात. गेल्या काही वर्षांत एक प्रश्न वेगवेगळ्या तोंडून मला ऐकायला मिळाला : "मॅडम, पिशवी काढायची आहे. दोऱ्याने करायचं की मशीनने, असं विचारताहेत. मशीनला टाके नसतात म्हणे. मग न शिवताच सोडतात का?"

हा प्रश्न भाबडा नाही. योनीमार्गातून गर्भाशय काढताना रक्तवाहिन्या दोऱ्याने बांधाव्यात की विद्युत्शक्तीने 'सील' कराव्यात, याची तुलना स्त्रीरोगतज्ज्ञ या शतकाच्या आरंभापासून करीत आले आहेत. त्यांच्यापाशी या प्रश्नाचे बऱ्यापैकी स्पष्ट उत्तर आहे. ते उत्तर मराठीत येताना काय होते आणि नेमके कोणते शब्द वाट अडवतात, हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे. वैद्यकीय सल्ला देण्याचा अधिकार मला नाही; शब्दांविषयी बोलण्याचा आहे.

'पिशवी' आणि 'आशय'

पारिभाषिक मराठीत या शस्त्रक्रियेला 'गर्भाशयोच्छेदन' म्हणतात. घरात हा शब्द कुणी उच्चारीत नाही. घरात 'पिशवी काढली' म्हणतात. गुजरातीत 'कोथळी' आणि हिंदीत 'बच्चेदानी' हे त्याचेच भाऊबंद.

'पिशवी' हा शब्द बोलायला सोपा आहे, लाज राखणारा आहे, म्हणून तो टिकला. पण प्रत्येक रूपक आपल्याबरोबर काही गृहीतके आणते. पिशवी ही काहीतरी ठेवण्याची वस्तू असते. ठेवायचे संपले की ती रिकामी होते, आणि रिकामी पिशवी अडगळ ठरते. 'मुलं झाली, आता पिशवीचं काय काम?' हे वाक्य अनेकींनी ऐकलेले असते. त्यामागचे अर्धे तर्कशास्त्र या एका शब्दातच आहे.

'आशय' या शब्दाची जात वेगळी. साहित्याच्या वर्गात आपण 'आशय आणि अभिव्यक्ती' म्हणतो तेव्हा तो अर्थवाचक असतो. मुळात मात्र 'जिथे काही वसते, विसावते ते स्थान' असा त्याचा अर्थ. जलाशय, मूत्राशय, पक्वाशय, गर्भाशय ही त्याची कुटुंबीय मंडळी. स्थान हे आजूबाजूच्या गोष्टींशी बांधलेले असते, ही सूचना 'आशया'त आहे, 'पिशवी'त नाही. आणि शरीररचना 'आशया'च्या बाजूने आहे. साधारण सात-आठ सेंटीमीटर लांबीचा, मुठीएवढा हा स्नायूंचा अवयव ओटीपोटात सुटा लोंबत नाही. तंबूच्या दोरांनी धरावे तसे दोन्ही बाजूंच्या बंधांनी त्याला धरलेले असते. त्या बंधांतून आणि त्यांच्या शेजारून रक्तवाहिन्या येतात. आपला सारा विषय या बंधांचा आहे.

आणखी एक अडचण. 'पिशवी काढली' या वाक्यात अंडाशय काढले की ठेवले, हे कळत नाही. पाळी नैसर्गिकरीत्या थांबण्यापूर्वी दोन्ही अंडाशय काढले तर रजोनिवृत्ती एका दिवसात येते, आणि हाडे लवकर ठिसूळ होण्याचा धोका वाढतो. म्हणजे बाईच्या पुढच्या आयुष्यासाठी जो फरक फार मोठा आहे, तोच आपल्या बोलीत नोंदवला जात नाही.

तीन पायऱ्या

दोरा की यंत्र, हा प्रश्न खरे तर तिसऱ्या पायरीवरचा आहे. पहिली पायरी : शस्त्रक्रिया हवी आहे का? दुसरी : हवी असेल तर कोणत्या वाटेने? तिसरी : त्या वाटेवर कोणते साधन?

पहिल्या पायरीसाठी आपल्या भाषेत शब्द भरपूर आहेत, पण ते धूसर आहेत. 'अंगावरून जाणे' यात अतिरिक्त रक्तस्राव येतो आणि पांढरा स्रावही येतो. 'पिशवीला सूज' यात गर्भाशय आकाराने थोडे मोठे असणे, जंतुसंसर्ग, गाठी अशा निरनिराळ्या गोष्टी एकत्र कोंबलेल्या असतात. यांपैकी बऱ्याच तक्रारींवर गोळ्या, संसर्गावरचे उपचार किंवा गर्भाशयात बसवायचे संप्रेरकयुक्त साधन असे इतर उपाय असतात. त्या मानाने 'अंग बाहेर येणे' हा शब्दप्रयोग नेमका आहे. बंध सैल होऊन गर्भाशय खाली उतरते, हे त्यातून जवळजवळ चित्रासारखे कळते. त्यावरही आधारासाठी बसवायची कडी हा एक पर्याय असतो. ते पुरत नसेल तर शस्त्रक्रिया.

दुसऱ्या पायरीवर बोलीतले शब्द चांगले आहेत : 'पोटावरून', 'दुर्बिणीतून' आणि 'खालून'. पोटावरून म्हणजे पोटावर चीर देऊन. दुर्बिणीतून म्हणजे पोटावरच्या छोट्या छिद्रांतून. खालून म्हणजे योनीमार्गातून. जुन्या सुईणी आणि परिचारिका योनीमार्गाला 'मायांग' म्हणत. असा शब्द मागे पडला याची मला खंत वाटते. खालच्या वाटेने गर्भाशय काढण्याची पहिली नियोजित शस्त्रक्रिया जर्मन शल्यचिकित्सक कॉनराड लांगेनबेक यांनी १८१३ मध्ये केली, असे वैद्यकाचा इतिहास सांगतो. दोनशे वर्षांनंतरही, शक्य असेल तिथे हीच वाट आधी पाहावी, अशी अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संस्थेची २०१७ ची शिफारस आहे. पोटावर जखम नसते आणि बाई लवकर हिंडू-फिरू लागते, ही त्याची साधी कारणे.

इथवर आल्यावर तिसरी पायरी येते.

मोळीची गाठ

'टाके' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कापड येते. दोन कडा जवळ आणायच्या आणि सुईदोऱ्याने जोडायच्या. पण गर्भाशयाच्या बंधांवर जो दोरा वापरतात, तो बहुतेक वेळा जोडण्यासाठी नसतोच. तो आवळण्यासाठी असतो. ऊसतोडीला गेलेल्या बाईला हे समजावणे मला सोपे गेले, कारण तिला मोळी बांधता येते.

उसाच्या मोळीभोवती वाढ्याचा आळा आवळतात, तसा बंधाभोवती दोरा आवळायचा. आधी भक्कम चिमट्याने बंध धरायचा. चिमट्याच्या गर्भाशयाकडच्या बाजूला तो कापायचा. मग चिमट्यातल्या उरलेल्या भागातून सुई आरपार काढून दोऱ्याची गाठ मारायची, म्हणजे गाठ सरकत नाही. चिमटा सैल करायचा, रक्त येत नाही ना ते पाहायचे आणि वरच्या बंधाकडे जायचे. धरा, कापा, बांधा. खालून वर जाताना आधी गर्भाशयमुखाजवळचे आधाराचे बंध, मग गर्भाशयाची मुख्य धमनी, मग गर्भनलिका आणि अंडाशयाकडचा वरचा बंध. आणि हे दोन्ही बाजूंना. जागा अरुंद, सुई वळवायला बोटभर वाव. हीच या पद्धतीची खरी कसरत असते.

पूर्वी यासाठी जनावरांच्या आतड्यापासून केलेला धागा वापरीत. आज सहसा शरीरात आपोआप विरघळणारा कृत्रिम धागा वापरतात. तो साधारण दोन-अडीच महिन्यांत नाहीसा होतो. म्हणून 'टाके काढायला कधी यायचं?' या प्रश्नाचे उत्तर असते : यायचे नाही. तपासणीला मात्र यायचे.

यावरून एक गोष्ट लक्षात येईल. इंग्रजी पुस्तकांतून 'पारंपरिक टाके' म्हणून जे मराठीत येते, त्याला 'पारंपरिक बांधणी' म्हटले तर ते जास्त खरे ठरेल.

दाबणे, वितळवणे, कापणे

दुसऱ्या पद्धतीत चिमट्याची जागा एका जबड्यासारख्या उपकरणाने घेतली जाते. ते तारेने एका यंत्राला जोडलेले असते. शल्यचिकित्सेत विद्युत्शक्ती नवी नाही. विल्यम बोवी यांनी तयार केलेले यंत्र मेंदूचे शल्यचिकित्सक हार्वी कुशिंग यांनी १ ऑक्टोबर १९२६ रोजी बॉस्टनमध्ये वापरले, तेव्हापासून ती रुळली. पण त्या पद्धतीने लहान वाहिन्याच थांबत. मोठ्या वाहिनीसाठी दोरा लागेच. १९९८ च्या सुमारास 'लिगाशुअर' नावाने आलेल्या यंत्राने यात बदल केला.

जबडा बंध घट्ट दाबून धरतो, म्हणजे वाहिनीच्या भिंती एकमेकींना टेकतात. मग जबड्याच्या दोन पात्यांमधूनच विद्युत्प्रवाह जातो. तो शरीरभर फिरत नाही. उष्णतेने भिंतीतली कोलॅजेन आणि इलॅस्टिन ही प्रथिने मऊ होऊन एकमेकांत मिसळतात आणि थंड होताना एकजीव होतात. दरम्यान यंत्र त्या ऊतीचा विद्युत्रोध सतत मोजत असते. काम पुरे झाले की प्रवाह आपोआप थांबतो आणि आवाज होतो. नंतर मधला भाग कापतात. सात मिलिमीटर व्यासापर्यंतच्या वाहिन्या अशा बंद करता येतात आणि तयार झालेला सांधा नेहमीच्या रक्तदाबाच्या सुमारे तिप्पट दाब सहन करतो. दाबा, वितळवा, कापा. आत गाठ नाही, दोरा नाही.

मोजमाप काय सांगते

२००३ मध्ये बार्बरा लेव्ही आणि लॉरा एमरी यांनी ६० स्त्रियांवर केलेल्या तुलनेचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कुणाला कोणती पद्धत, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरवले होते. यंत्राच्या गटात शस्त्रक्रियेला सरासरी सुमारे ३९ मिनिटे लागली, दोऱ्याच्या गटात सुमारे ५४. रक्तस्राव अनुक्रमे सुमारे ६९ आणि १२७ मिलिलिटर होता. गुंतागुंत आणि दवाखान्यातला मुक्काम यांत लक्षणीय फरक नव्हता. २०११ मध्ये अशा अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्या गेल्या, तेव्हा सरासरी बचत सुमारे १७ मिनिटांची आणि ४८ मिलिलिटर रक्ताची निघाली. गुंतागुंतीत फरक नाही. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधल्या १०० स्त्रियांच्या चाचणीत यंत्राच्या गटाला पहिल्या संध्याकाळी वेदना थोडी कमी जाणवली. रक्तस्रावात मात्र फरक आढळला नाही.

हे आकडे घरच्या मापात आणून पाहू. रक्तदान करताना आपण साधारण ३५० मिलिलिटर रक्त देतो. ४८ मिलिलिटर म्हणजे चहाचा अर्धा कप. धडधाकट बाईला हा फरक जाणवणारही नाही. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत गुजरातमधल्या १५ ते ४९ वयाच्या ६५ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला, महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक. जिचे रक्त आधीच कमी आहे, तिच्यासाठी अर्धा कपही मोजण्यासारखा असतो. अर्थात घाईची वेळ नसेल तर शस्त्रक्रियेपूर्वी तिचे रक्त वाढवणे हा उपाय कोणत्याही यंत्रापेक्षा स्वस्त आणि मोठा आहे.

दुसऱ्या तागडीत काय आहे? यंत्र आणि त्याचा जबडा महाग असतो. दोऱ्याचा खर्च त्या मानाने किरकोळ. यंत्राची उष्णता जबड्याच्या बाहेर काही मिलिमीटर पसरते आणि मूत्रवाहिनी गर्भाशयाच्या धमनीखालून, गर्भाशयमुखापासून जेमतेम दोन सेंटीमीटरवरून जाते. दोऱ्याच्या गाठीतही ती सापडू शकते, त्यामुळे सावधगिरी दोन्हीकडे लागते. फक्त धोक्याची तऱ्हा निराळी. शिवाय 'अंग बाहेर येते' म्हणून शस्त्रक्रिया असेल, तर आधाराचे बंध नंतर योनीच्या वरच्या टोकाला जोडून तिला आधार द्यावा लागतो. दोऱ्याच्या पद्धतीत बांधलेल्या बंधाचे शेव लांब ठेवून त्यांचा तिथे उपयोग करता येतो. यंत्राच्या पद्धतीत त्यासाठी वेगळे टाके घ्यावे लागतात.

थोडक्यात उत्तर असे : दोन्ही पद्धती सुरक्षित आहेत. यंत्राने वेळ वाचतो, रक्त आणि पहिल्या दिवसाची वेदना थोडी कमी होऊ शकते. खर्च वाढतो. ज्या हातांना दोऱ्याची सवय आहे, त्यांच्याकडे दोरा ही कमी प्रतीची पद्धत नाही.

'बिनटाक्याचे' आणि 'नस बंद'

आता त्या मूळ प्रश्नाकडे : न शिवताच सोडतात का? नाही. गर्भाशय काढल्यावर योनीचे वरचे टोक उघडे राहते. ते दोन्ही पद्धतींत टाक्यांनीच शिवतात. आणि पोटावर टाके दोन्ही पद्धतींत नसतात, कारण वाटच खालची आहे. म्हणजे ज्या अर्थाने बाईला टाक्यांची भीती वाटते, त्या अर्थाने दोन्ही शस्त्रक्रिया बिनटाक्याच्या आहेत. आणि काटेकोर अर्थाने दोन्ही टाक्यांच्या.

तरी 'बिनटाक्याचे' हा शब्द यंत्रालाच का चिकटतो? कारण तो शब्द आपल्याकडे आधीच मानाचा झाला आहे. मोतीबिंदूच्या शिबिरांच्या फलकांवर आणि पुरुष नसबंदीच्या जाहिरातींत 'बिनटाक्याची' हे विशेषण आधुनिक, सोपी, बिनत्रासाची या अर्थाने रुळले. तिथून ते उचलून इथे लावले की बाईला वाटते, दोरा म्हणजे जुने आणि दुखणारे, यंत्र म्हणजे नवे आणि निर्वेध. मोजमाप एवढे काही सांगत नाही.

'सील'चीही अशीच गोष्ट. सील म्हटले की आपल्याला लाखेची मोहोर, कुलूपबंद दुकान किंवा औषधाच्या बाटलीचे झाकण आठवते. सील तुटू शकते, ही भीती शब्दातच आहे. एकीने मला विचारले होते, "जड उचललं तर सील तुटेल का?" जड उचलू नये हे दोन्ही पद्धतींनंतर काही आठवडे पाळायचेच असते, पण त्याचे कारण 'सील' नसून शिवलेले टोक आणि भरून येणारे बंध हे असते.

मराठीत समजावताना कुणी 'नस बंद करतात' म्हणतो. हा तर मोठाच घोटाळा. बोलीत 'नस' हा शब्द रक्तवाहिनी, मज्जातंतू आणि कधी स्नायुबंध या सर्वांना चालतो. 'नस दबली', 'नस चढली' आपण रोज म्हणतो. त्यातून 'नस बंद' म्हणताच ऐकणारीला नसबंदी आठवते. जिचे कुटुंबनियोजनाचे ऑपरेशन पूर्वीच झाले आहे, ती विचारते, 'ती तर झाली आहे, परत कशाला?' कुणी 'जाळतात' म्हणतो. ते ऐकून तर बाई टेबलावर जायलाच तयार होत नाही.

मला 'दाबून सांधणे' हा प्रयोग बरा वाटतो. सांधा हा शब्द सुतार, लोहार, प्लंबर सगळ्यांचा आहे आणि त्यात मजबुतीची सूचना आहे. 'रक्ताची नळी दाबून, उष्णतेने सांधतात' एवढे सांगितले की बहुतेकींना कळते.

हा शब्द मी शोधलेला नाही. सुश्रुतसंहितेत रक्त थांबवण्याचे चार उपाय दिले आहेत : संधान, स्कंदन, पाचन आणि दहन. पहिल्या तिन्हींनी काम झाले नाही तर दहन. त्याने शिरा आकसतात, असे तिथे म्हटले आहे. त्याच ग्रंथात शस्त्रकर्माचे आठ प्रकार सांगताना शेवटचा प्रकार 'सीव्य' आहे. 'सिव्' या धातूपासून आपले 'शिवणे' आले. 'सूत्र' हा शब्दही त्याच धातूशी जोडतात. आणि शिवणे या अर्थाचा लॅटिन शब्द, ज्यावरून युरोपीय वैद्यकातला टाक्यांचा शब्द आला, तो याच घराण्यातला. आजचे यंत्र तेव्हा होते असा याचा अर्थ मुळीच नाही. मुद्दा इतकाच की बांधणे, सांधणे, शिवणे आणि भाजणे या चार क्रिया आपल्या भाषेने पूर्वीपासून वेगळ्या ओळखल्या आहेत. आपणच त्यांची सरमिसळ केली आहे.

बीडने शिकवलेले

हे सारे केवळ शब्दलालित्य नाही, हे समजण्यासाठी बीडकडे पाहावे लागेल. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न वृत्तपत्रांतून पुढे आला. त्यानंतर डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. म्हणजे दर सहा जणींमागे एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण देशभरात सुमारे तीन टक्के होते. वयोगट सारखे नसल्याने ही तुलना काटेकोर नाही, पण अंतर डोळ्यांत भरण्याइतके आहे.

त्या निमित्ताने जे शब्द छापून आले, ते वैद्यकीय नव्हते. 'उचल' म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेली रक्कम. 'कोयता' म्हणजे एकत्र काम करणारे नवराबायकोचे जोडपे. 'खाडा' म्हणजे चुकलेला दिवस आणि त्याचा दंड. पाळीच्या दिवसांत खाडा पडतो, उचल फिटत नाही, शेतात ना आडोसा ना पाणी. अशा वेळी कुणी 'पिशवीला सूज आहे, पुढे कर्करोग होईल' म्हटले, तर पिशवी काढणे हाच हिशेबी निर्णय वाटतो. बीडचे आकडे दक्षिण गुजरातच्या ऊसपट्ट्याला लावता येणार नाहीत. पण डांग, नंदुरबार, धुळ्याहून इकडे येणाऱ्या टोळ्यांतही 'कोयता' हाच शब्द आहे, आणि कागद इथे गुजरातीत किंवा इंग्रजीत असतो.

अशा बाईला 'दोरा की यंत्र?' एवढेच विचारले, तर तिला निवड दिल्यासारखे दिसते. प्रत्यक्षात पहिल्या दोन पायऱ्या तिच्या नकळत चढून झालेल्या असतात. म्हणूनच जानेवारी २००८ मधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मला भाषेच्या अभ्यासकांसाठीही महत्त्वाचा वाटतो. तपासणीसाठी संमती दिलेल्या एका स्त्रीचे, ती भुलीखाली असताना, तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि अंडाशय काढले होते. न्यायालयाने म्हटले की संमती खरी हवी. उपचाराचे स्वरूप, पर्याय आणि धोके यांची पुरेशी माहिती मिळाल्यानंतरची हवी. २०२२ मध्ये केंद्र सरकारने अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने त्या अमलात आणण्यासाठी राज्यांना तीन महिन्यांची मुदत दिली. 'पुरेशी माहिती' हे दोन शब्द न्यायालय लिहू शकते. ती माहिती कोणत्या मराठीत द्यायची, हे आपल्याला लिहावे लागेल.

सही करण्याआधीची मराठी

महाराष्ट्रात १९६० पासून भाषा संचालनालय आहे. परिभाषा कोशांचे मोठे काम तिथे झाले. ते पाठ्यपुस्तकांना उपयोगी पडले. रुग्णाच्या खाटेशेजारी मात्र वेगळी मराठी लागते. उपयोजित मराठीच्या तासाला मी विद्यार्थ्यांकडून असे मसुदे करून घेते. नियम तीन : अर्थ धूसर करणारे रूपक नको, वाक्य एका दमात वाचता यावे, आणि प्रत्येक वाक्यावर बाईला एक प्रश्न विचारता यावा. विद्यार्थ्यांनी केलेला, एका डॉक्टर मैत्रिणीने तपासलेला मसुदा असा :

"तुमचा त्रास हा आहे : ……. त्यावर गोळ्या किंवा इतर उपाय करून पाहिले आहेत / करता येतील. तरीही गर्भाशय काढावे असे आम्हाला वाटते, त्याचे कारण हे : ……. गर्भाशय खालून, योनीमार्गातून काढू. पोटावर चीर नसेल. अडचण आली तर पोटावरून करावे लागू शकते. तुमचे अंडाशय ठेवणार आहोत / काढणार आहोत, कारण : ……. यापुढे पाळी येणार नाही, मूल होणार नाही. गर्भाशयाला धरणाऱ्या बंधांतल्या रक्ताच्या नळ्या आम्ही दोऱ्याने बांधू किंवा यंत्राने दाबून सांधू. यंत्राने वेळ कमी लागतो. खर्च …… रुपयांनी वाढतो. दोन्हींत धोका सारखाच आहे. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, लघवीच्या नळीला किंवा पिशवीला इजा, हे धोके क्वचित होतात, पण होऊ शकतात. आतले टाके आपोआप विरघळतात. तुम्ही नाही म्हणू शकता. विचार करायला वेळ मागू शकता."

हा मसुदा प्रथम वर्गात वाचला, तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले की लघवीसाठी 'पिशवी' चालते, तर गर्भासाठी का नको. वर्ग बराच वेळ वाद घालत होता. शेवटी तिथेही 'मूत्राशय' लिहून कंसात 'लघवीची पिशवी' ठेवावे असे काहींचे मत पडले, काहींचे नाही. मी तो शब्द तसाच ठेवला आहे, कारण लघवीची पिशवी रिकामी झाली म्हणून ती काढा, असे आजवर कुणी कुणाला सांगितलेले नाही.

मसुद्यातल्या मोकळ्या जागांकडे वाचकांनी जरूर पाहावे. 'दोरा की यंत्र' या वाक्यात भरायला एकच जागा आहे, ती रुपयांची. त्याच्या वर तीन जागा आहेत : त्रास कोणता, गर्भाशय काढण्याचे कारण काय, अंडाशयांचे काय. या जागा भरल्याशिवाय खालची सही घ्यायची नाही, एवढे जरी आपल्या गावातल्या एका दवाखान्याने ठरवले, तरी त्या मराठीचे काम झाले असे मी समजेन. शिक्षकांना माझी विनंती आहे की आपापल्या भागातली बोली घेऊन हा मसुदा पुन्हा लिहून घ्यावा : अहिराणीत, वऱ्हाडीत, मालवणीत, डांगीत. तो परिसरातल्या एखाद्या डॉक्टरांकडून तपासून घ्यावा, आणि मग ज्या बाईसाठी लिहिला तिला वाचून दाखवावा. ती कुठे थांबवते, तिथे आपली मराठी अजून कच्ची आहे.